संकल्पना-रेसकार संगणकावर घडवताना : खान्देशातील नवोदितांसाठी

जळगावात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत असताना मला रेसकारच्या मॉडेलिंगची गोडी लागली. आता धुळे, शिरपूर, भुसावळ येथील विद्यार्थी या विषयी विचारतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. मोटार कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओंत गाडीच्या बाह्य पृष्ठभागांसाठी ऑटोडेस्क एलियास वापरले जाते, पण त्याचा व्यावसायिक परवाना विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून घ्यावा असा नाही. ब्लेंडर विनामूल्य आहे आणि मॉडेलिंगपासून रेंडरिंगपर्यंतचे (म्हणजे मॉडेलवरून अंतिम चित्र तयार करण्यापर्यंतचे) सर्व काम त्यात होते, म्हणून सुरुवात त्यानेच करावी. आकार पारखणारी नजर एकदा तयार झाली की पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी ती आपल्याकडेच राहते.

संकल्पना म्हणजे मोकाट कल्पना नव्हे. कोणत्या शर्यतीची गाडी करायची ते आधी ठरवावे आणि त्या शर्यतीची मापे समोर ठेवावीत. २०२२च्या नियमांनुसार फॉर्म्युला वनच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर) जास्तीत जास्त ३६०० मिमी आणि रुंदी २००० मिमी होती. २०२६च्या नियमांत हीच मापे ३४०० आणि १९०० मिमी झाली. या मापांत चार चाकांचे दंडगोल, मागे रेलून बसलेला चालक, इंजिन किंवा बॅटरी आणि रेडिएटर यांची साधी ठोकळेवजा मांडणी करावी. चालकाच्या डोक्याभोवतीचे हॅलो हे कडे २०१८पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे आहे, त्यामुळे ते शेवटी चिकटवण्याची वस्तू न मानता कॉकपिटची रेषा त्याच्यासह आखावी. रेडिएटरला हवा कोठून मिळणार आणि तापलेली हवा कोठून बाहेर पडणार, हे या टप्प्यावर ठरले नाही, तर साइडपॉडवरची (चालकाच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागांवरची) सुंदर छिद्रे नुसती नक्षी ठरतात.

यानंतरचे काम सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत आनंदाचे, ते म्हणजे पृष्ठभाग. सबडिव्हिजन पद्धतीने, म्हणजे विरळ जाळीवरून सॉफ्टवेअरकडून गुळगुळीत पृष्ठभाग घडवून घेत, काम करताना बिंदू-रेषांची ही जाळी चौकोनी आणि शक्य तितकी विरळ ठेवावी, कारण बिंदू जितके कमी तितकी वक्रता सलग राहते आणि बदल करणेही सोपे जाते. दोन पृष्ठभाग नुसते जुळले तर त्यास जी-शून्य म्हणतात, त्यांची दिशाही जुळली तर जी-एक आणि वक्रताही जुळली तर जी-दोन. जी-एक असलेला सांधा बोटाला गुळगुळीत लागतो, पण त्यावरून सरकणारे प्रतिबिंब तेथे अचानक मोडते. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचा कारागीर ट्यूबलाइटची रेघ दारावर कशी पडते ते वाकून पाहतो. ब्लेंडरमध्ये तीच परीक्षा पट्ट्यांचे प्रतिबिंब दाखवणाऱ्या मॅटकॅपने (मॉडेलवर चढवायच्या तयार प्रकाश-चित्राने) घेता येते. नाकापासून मागच्या पंखापर्यंत या पट्ट्या न अडखळता वाहू लागेपर्यंत रंगाकडे वळू नये. पॅनेलच्या फटी पाडण्यापूर्वी मूळ पृष्ठभागाची एक प्रत जपून ठेवावी आणि फटी पाडलेले भाग श्रिंकरॅप मॉडिफायरने (एक पृष्ठभाग दुसऱ्यावर चिकटवणाऱ्या ब्लेंडरच्या साधनाने) त्या प्रतीवर बसवावेत. असे केल्याने काप घेताना वक्रता बिघडत नाही.

रेंडरिंगबाबत थोडक्यात सांगतो. रंगाच्या थरावर पारदर्शक क्लिअरकोट द्यावा आणि त्याचा अपवर्तनांक १.५च्या आसपास ठेवावा. टायर पूर्ण काळे ठेवू नयेत. आपल्या रस्त्यांवर धूळ टायरला किती राखट करते ते पाहून रंग निवडावा. प्रकाशासाठी एचडीआरआय (भोवतालचा खरा प्रकाश टिपलेले छायाचित्र) पुरेसा असतो, तरी गाडीच्या वर एक मोठा एरिया लाइट लावल्यास गाडीच्या खांद्याची, म्हणजे बाजूच्या वरच्या कडेची, रेषा स्पष्ट उमटते. कॅमेऱ्याची लेन्स ८५ मिमीच्या जवळपास असावी, कारण फार रुंद लेन्सने प्रमाणे फसवी दिसतात. चाचणीचे रेंडर ब्लेंडरच्या ईव्ही (Eevee) या जलद रेंडर इंजिनमध्ये आणि अंतिम रेंडर सायकल्स (Cycles) या संथ पण अधिक वास्तव इंजिनमध्ये, चित्रातले ठिपके पुसणारा डिनॉइझर लावून करावे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा लॅपटॉप तापून संथ होतो. त्यामुळे मोठी रेंडर पहाटे लावणे हिताचे ठरते. ॲनिमेशन करत असाल तर थेट व्हिडिओ फाइल न बनवता प्रत्येक फ्रेम पीएनजी म्हणून साठवावी, म्हणजे वीज गेली तरी आधीच्या फ्रेम सुरक्षित राहतात आणि पुढचे काम तेथूनच चालू करता येते.

या क्षेत्रात पुढे शिकायचे असल्यास राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) गांधीनगर संकुलात वाहन डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, तर आयआयटींमधील एमडेस या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीईईडी ही प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते. इंजिनिअरिंगला असलेल्यांनी महाविद्यालयातील फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसकार बनवण्याची स्पर्धा) संघाच्या गाडीचे बाह्य आवरण आपल्याकडे मागून घ्यावे. तेथे काढलेला प्रत्येक वक्र फायबरच्या साच्यातून निघणार असतो, आणि कोणता आकार साच्यातून सुटत नाही हे हाताला कळते. पोर्टफोलिओत चकचकीत चित्राआधी हाताने काढलेली रेखाटने, मापांसह बाजूचे दृश्य, उघडी जाळी आणि पट्ट्यांच्या प्रतिबिंबाचे चित्र ठेवावे, आणि हवेच्या प्रत्येक मार्गाशेजारी तो तेथेच का आहे हे एका ओळीत लिहावे.