दूध पचत नाही? मग निदान या चुका तरी टाळा

दूध न पचणाऱ्या माणसांना दुधाने होतो त्याहून जास्त त्रास त्यांनी स्वतःच करून ठेवलेल्या नियमांनी होतो. आहाराचा सल्ला देण्याचं काम करते, त्यामुळे हे रोज बघते. समोरचा माणूस म्हणतो, "मला सगळं कळतं हो, पण तोंडावर ताबाच राहत नाही." त्या ताब्याच्या चौकशीत मी पडत नाही. त्याआधीचं जेवण किती वाजता झालं होतं, एवढंच विचारते. दहातल्या आठ वेळा गोम तिथेच असते.

"आता मोडलंच आहे तर..."

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एक गृहस्थ माझ्याकडे येत, वय पन्नाशीच्या आसपास. श्वासाची हायड्रोजन चाचणी झालेली, लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही हे पक्कं. नियम त्यांनी स्वतःच केला: दुधाचा थेंबही नको. चहा कोरा, दही बंद, तूपसुद्धा बंद. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच, हे मी सांगितलं. "नको, एकदा ठरवलं की ठरवलं." असला बाणेदारपणा ऐकला की मला पुढचं सगळं दिसायला लागतं.

मग आली कोजागिरी. गच्चीवर सोसायटीचा कार्यक्रम. रात्री खायचंच आहे म्हणून दुपारनंतर पोटात काही नाही. भेळ संपत आलेली, आणि समोर पातेल्यात केशर-बदाम घातलेलं आटीव दूध. शेजारच्या काकूंनी पेला हातात दिलाच. पहिला पेला भिडेपोटी घेतला. दुसरा घेतला, कारण नियम तर मोडलाच होता. तिसरा घेतला, कारण उद्यापासून पुन्हा सगळं बंदच करायचं होतं. मध्यरात्रीनंतर काय झालं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी कामावर दांडी, आणि शिक्षा म्हणून नियम आणखी कडक: आता पनीरही नाही, बिस्किटंही नाहीत. आठवडा सरायच्या आत रात्री फ्रिज उघडून आइस्क्रीमचा अख्खा डबा संपवला. बायकोने डबा कचऱ्यात पाहिला तेव्हा मला फोन आला.

आता जरा हिशोब बघा. १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. लॅक्टोज न पचणारे पुष्कळ लोक एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळपास पेलाभर दूध, फारशा त्रासाविना सोसतात, आणि ते जेवणाबरोबर घेतलं तर आणखी बरं. म्हणजे पोटभर जेवून वर अर्धा पेला मसाला दूध घेतलं असतं तर बहुधा थोडं गुरगुरण्यापलीकडे काही झालं नसतं. घात झाला तो रिकाम्या पोटी घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पेल्याने. लहान आतड्यातलं लॅक्टेज, म्हणजे ही साखर पचवणारा पाचकरस, कमी पडलं की उरलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू होतो, पोट फुगतं, जुलाब होतात. हे सगळं प्रमाणावर चालतं. नियम मोडला की पाळला, हे आतड्याला कळत नाही. पहिल्या पेल्यानंतर थांबलात तर त्रास पहिल्या पेल्याएवढाच होतो.

माझा उपाय साधा आहे, शास्त्रीय वगैरे म्हणू नका. कार्यक्रमाला उपाशीपोटी जायचं नाही. घरून वरण-भात नाहीतर भाकरी-पिठलं खाऊन निघायचं. आणि चूक झाली तर पुढचं जेवण नेहमीचंच. उपास नाही, लंघन नाही, नवा नियम तर मुळीच नाही.

चहा सोडायचा आणि बासुंदी खायची

हा त्याग मला कधी कळलाच नाही. कपभर चहात दूध असतं ते ५० मिलीच्या आसपास, म्हणजे लॅक्टोज अडीच ग्रॅम. लोक तो चहा सोडतात, दिवसभर चिडचिड करतात आणि संध्याकाळी "मी एवढं सोडलंय" म्हणून वाटीभर बासुंदी खातात. दूध आटवून निम्मं केलं की तेवढ्याच वाटीत लॅक्टोज दुप्पट होतं. त्यापेक्षा घरच्या चक्क्याचं श्रीखंड खा, पाण्याबरोबर बरंचसं लॅक्टोज निघून गेलेलं असतं. विकतच्या श्रीखंडात दुधाची पावडर नाही ना, ते बघून घ्या. दही-ताकातलं लॅक्टोज विरजणाने काही प्रमाणात कमी झालेलं असतं, आणि त्यातले जिवाणू उरलेलं पचवायलाही हातभार लावतात. ताक सोडू नका.

पंगतीत नुसतं "नको, नको"

आपल्याकडे नुसत्या नकोला कोणी भीक घालत नाही. वाढणारा डाव घेऊन उभा राहतो, तुम्ही ताटावर हात आडवा धरता, तो बोटांच्या फटीतून वाढतो. मग वाया कसं घालवायचं म्हणून तुम्ही खाता आणि घरी येऊन यजमानांना नावं ठेवता. काय खाणार नाही याचं पुराण लावण्यापेक्षा काय खाणार ते मागा. "वहिनी, बासुंदी राहू दे, मला अजून दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाढा." यजमानाला वाढायचं असतं, तुमच्या आतड्यांचा अहवाल त्याला नको असतो. अगदी जवळचं घर असेल तर आदल्या दिवशी फोन करा. ऐन पंगतीत आजार सांगितलात की शेजारचे आजोबा त्यांच्या लहानपणीच्या म्हशीच्या धारोष्ण दुधाची गोष्ट सुरू करतात.

बाकीच्या, थोडक्यात

लॅक्टेजची गोळी घरी येऊन घेणं. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते, पोट फुगल्यावर नाही. आणि गोळी खिशात आहे म्हणून चार वाट्या रबडी खाण्याचा परवाना मिळत नाही.

"बघू या आता बरं झालंय का" म्हणून रात्रीच्या बस-प्रवासाआधी मिल्कशेक पिणं. प्रयोग करायचाच तर सुट्टीच्या दिवशी, घरी, जेवणानंतर.

दूध सोडून त्या जागी काहीच न घेणं. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तीळ आहेत, काट्यासकट खायची छोटी सुकी मासळी आहे.

सगळ्यात उतावळे असतात ते गव्हाचा संशय आलेले. इंटरनेटवर वाचून पोळी बंद करतात आणि महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासायला जातात. सीलिअकची, म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होते त्या आजाराची, तपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधीच सोडलात तर अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो. आणि सीलिअक निघालाच तर वरचा अर्ध्या पेल्याचा हिशोब तिथे लागू नाही. त्रास जाणवला नाही तरी आतड्याला इजा होते, त्यामुळे "एवढ्याशाने काय होतंय" हे तिथे चालत नाही. ज्वारी दळताना गिरणीत आधी गहू दळलेला नव्हता ना, भाजणीत गहू नाही ना, हे विचारायचं. फोडणीतला हिंगसुद्धा बघा, बांधणीच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा.

आणि वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब होत असतील तर दूध बंद करून बघू, गहू बंद करून बघू हे खेळ नकोत. थेट डॉक्टरांकडे जा. माझ्याकडेसुद्धा नंतर या.