ब्लॅक सॅबथ ऐकायला सुरुवात कशी करावी

शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत किंवा चित्रपटगीते ऐकत वाढलेल्या श्रोत्याचा कान कोणत्याही गाण्यात आधी गळ्यातून येणारी चाल शोधतो. हेवी मेटल ऐकताना तो गोंधळतो तो याच सवयीमुळे. ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या गाण्यांत मुख्य चाल बहुतेक वेळा गिटारच्या खालच्या तारांवर असते. पुन्हा पुन्हा फिरून येणाऱ्या त्या छोट्या स्वरवाक्याला रिफ म्हणतात, आणि गायकाचा आवाज त्या रिफच्या आधाराने किंवा थेट तिच्या मागोमाग चालतो. म्हणून हा बँड ऐकायला बसताना पहिली गोष्ट करावी ती ही, की लक्ष गायकावरून काढून गिटारवर ठेवावे. एवढे एक साधले, तर ज्याला आपण आतापर्यंत गोंगाट समजत होतो त्यात बांधणी दिसू लागते.

बँडची मूळ माणसे चारच आणि सुरुवातीलाच त्यांचा परिचय करून घेतलेला बरा. गिटारवर टोनी आयोमी, बास गिटारवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑस्बोर्न. हे चौघेही इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन भागातले, कामगारवस्तीत वाढलेले. १९६८ मध्ये ते एकत्र आले, काही काळ ‘अर्थ’ या नावाने ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचे संगीत, वाजवत राहिले आणि नंतर त्यांनी ब्लॅक सॅबथ हे नाव घेतले. १९७० ते १९७५ या काळात त्यांचे सहा अल्बम निघाले. नवख्या श्रोत्याने आपला बहुतेक वेळ या सहांवर खर्च करावा, कारण पुढे हेवी मेटल म्हणून जे काही वाजवले गेले त्यातल्या फार मोठ्या भागाचे मूळ त्यांत सापडते.

ऐकण्याच्या साधनाबद्दल थोडी काळजी घ्यावी. मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर हे संगीत अजिबात ऐकू नये. नेहमीच्या स्वरमेळात बास गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो स्पीकर इतक्या खाली पोहोचतच नाही. परिणामी बटलरचे वादन जवळजवळ नाहीसे होते, आणि उरते ती कर्कश वरची बाजू. साधे पण कान पूर्ण झाकणारे हेडफोन किंवा घरातले बरे स्पीकर पुरेसे आहेत. आवाज कानठळ्या बसेपर्यंत वाढवण्याची गरज नाही, कारण या बँडचे वजन ध्वनीच्या पातळीपेक्षा संथ लयीत आणि खालच्या सप्तकात अधिक आहे.

पहिला अल्बम लावण्यापूर्वी आयोमीच्या उजव्या हाताची हकिगत माहीत असावी. तो डावखुरा आहे, म्हणजे उजव्या हाताची बोटे पडद्यांवर ठेवून तो तारा दाबतो. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम करत होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, नेहमीचा कामगार न आल्यामुळे, त्याला पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर उभे केले गेले आणि त्या यंत्रात त्याच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके तुटली. गिटार सोडण्याच्या मनःस्थितीत असलेल्या या मुलाला कारखान्याच्या फोरमनने जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. राइनहार्टची दोन बोटे आगीत भाजून निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर तो युरोपातील पहिल्या प्रतीचा जॅझ गिटारवादक ठरला होता. मग आयोमीने भांडी घासायच्या द्रवसाबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून तिचा गोळा केला, तापवलेल्या सोल्डरिंगच्या सळीने त्याला बोट जाईल एवढे भोक पाडले, कानशीने घासून त्याला आकार दिला आणि तारेवर पकड मिळावी म्हणून वर जुन्या जाकिटाचे कातडे चिकटवले. अशा टोप्या घालून तो वाजवू लागला. टोपीखाली तारेचा स्पर्श कळत नाही, त्यामुळे त्याने जाड तारांऐवजी बारीक तारा लावल्या, त्यासाठी बँजोच्या तारासुद्धा वापरून पाहिल्या, आणि सहा तारांच्या भरगच्च संगतीऐवजी (कॉर्डऐवजी) दोन तारांवरच्या भरीव, मोकळ्या संगतींवर भर दिला. पुढे ऐकू येणाऱ्या नादाचा मोठा भाग या दुखापतीतून आला आहे. हे ठाऊक असले की प्रत्येक रिफकडे आदराने पाहावेसे वाटते.

आता बँडच्याच नावाचा पहिला अल्बम लावावा. तो १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमुद्रण लंडनमधील स्टुडिओत जेमतेम एका दिवसात उरकले होते, म्हणून त्यात प्रत्यक्ष समोर बसून ऐकल्यासारखा ताजेपणा आहे. पहिल्या गाण्याचे नावही ‘ब्लॅक सॅबथ’ हेच आहे. पाऊस, चर्चची घंटा, ढगांचा गडगडाट आणि मग तीन स्वरांची रिफ, अशी त्याची सुरुवात होते. आपल्या श्रोत्यासाठी ही रिफ समजणे मुळीच अवघड नाही: षड्ज, त्यावरचा तार षड्ज आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाकडे किंवा गंधाराकडे जातो आणि त्या जाण्यात त्याला विश्रांती मिळते. येथे मात्र तो स्वर मध्येच टांगून ठेवला आहे, त्यावर कंप दिला आहे आणि पुन्हा षड्जावर परत येऊन तोच फेरा सुरू केला आहे. ऐकणाऱ्याला वाटणारी अस्वस्थता या एका न सुटलेल्या स्वरातून येते. तंबोरा किंवा तंबोऱ्याचे अ‍ॅप हाताशी असेल तर षड्ज लावून हे तीन स्वर स्वतः गुणगुणून पाहावेत. पाच मिनिटांत या संगीताची किल्ली हाती येते.

या गाण्याची लय इतकी विलंबित आहे की दोन आघातांमध्ये शांतता ऐकू येते, आणि चार मिनिटे उलटून गेल्यावर ते एकाएकी द्रुत होते. एकाच गाण्यात लय अशी फोडण्याची सवय सॅबथला कायम आहे, तेव्हा एखादे गाणे रेंगाळते आहे असे वाटले तरी मध्येच पुढे ढकलू नये. याच अल्बममधील ‘द विझर्ड’मध्ये ऑझीने स्वतः वाजवलेला माउथ ऑर्गन आहे, आणि ‘एन. आय. बी.’च्या आधी बटलरचे एकट्याचे बासवादन आहे. ते संपेपर्यंत बास या वाद्याचा आवाज कानात पक्का बसवून घ्यावा, कारण पुढे तो सतत लागणार आहे.

दुसरा अल्बम ‘पॅरानॉइड’ही १९७० चाच. त्याचे शीर्षकगीत सर्वांत प्रसिद्ध आहे आणि बहुतेक लोक तेथूनच सुरुवात करतात. मला ते योग्य वाटत नाही. अल्बममध्ये थोडी जागा उरली म्हणून ते स्टुडिओत घाईने रचले गेले. ते उत्तम आहे, इंग्लंडच्या सिंगल्सच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले, पण तीन मिनिटांपेक्षा लहान असलेल्या त्या वेगवान गाण्यावरून बँडच्या खऱ्या स्वभावाची कल्पना येत नाही. त्याऐवजी अल्बमचे पहिले गाणे ‘वॉर पिग्ज’ शांतपणे, पूर्ण, सुमारे आठ मिनिटे ऐकावे. अल्बमला हेच नाव द्यायचे ठरले होते, पुढे ते बदलले, पण मुखपृष्ठावर ढाल-तलवार घेतलेला माणूस तसाच राहिला.

‘वॉर पिग्ज’च्या आरंभी संथ, झुलती चाल आहे आणि तिच्यावर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. साधारण एका मिनिटानंतर सारे थांबते. गिटार आणि बास मिळून दोन आघात करतात आणि गप्प होतात. वॉर्डच्या हाय-हॅटची, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीची, एकसारखी टिकटिक तेवढी चालू राहते आणि त्या रिकाम्या जागेत ऑझी एकटा गातो. पुन्हा दोन आघात, पुन्हा रिकामी जागा. येथे ऑझीच्या आवाजाकडे नीट लक्ष द्यावे. त्याच्या गळ्यात तयारीची फिरत नाही, हरकती नाहीत, पण आवाज सरळ, किंचित अनुनासिक आणि कळकळीचा आहे, आणि युद्ध पुकारून स्वतः मागे राहणाऱ्यांवर आरोप करायला तोच आवाज शोभतो. गाण्याच्या शेवटी शब्द संपतात, गिटारची लांबलचक चाल सुरू होते आणि अगदी अखेरीस ध्वनिफितीचा वेग वाढवल्यामुळे सारे उंच पट्टीत निसटते.

त्यानंतर ‘आयर्न मॅन’ ऐकावे, कारण रिफ आणि गायन यांचे नाते येथे सर्वांत उघडे आहे. आपल्या मैफलीत संवादिनी गायकामागून जाते. येथे गायक गिटारमागून जातो आणि रिफचीच चाल जशीच्या तशी गातो. ज्याला या गाण्यात रिफ ओळखता आली, त्याला पुढे कोठेही अडचण येत नाही. याच अल्बममधील ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’ हे अतिशय हळुवार गाणे वगळू नये. त्यात ऑझीचा आवाज फिरत्या स्पीकरमधून काढला आहे. सॅबथ सतत गर्जत असतो हा समज ते एकटे दूर करते.

एवढे झाल्यावर हेच दोन अल्बम पुन्हा ऐकावेत, पण एकदा केवळ बाससाठी आणि एकदा केवळ ड्रम्ससाठी. नवखे श्रोते ही पायरी टाळतात आणि म्हणून वर्षानुवर्षे अर्धाच बँड ऐकतात. बटलर कधी रिफ गिटारसोबत एकजीव करून वाजवतो, आणि आयोमी एकल वादनाला निघाला की खालची सारी जागा स्वतः भरून काढतो; त्या काळच्या अनेक बँडमध्ये ताल धरणारा दुसरा गिटारवादक असे, येथे ते काम बास करतो. वॉर्डचे बालपण जॅझच्या बिग बँडचे, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांचे, वादन ऐकण्यात गेले आणि जीन क्रुपा त्याचा आवडता ड्रमवादक. त्यामुळे त्याचा ठेका यंत्रासारखा सपाट पडत नाही; तो झुलतो, आघात किंचित मागे ठेवतो, रिफच्या वळणांना उत्तरे देतो. ‘फेअरीज वेअर बूट्स’ ऐकताना पायाने ताल धरून पाहिला की हे लगेच कळते. वॉर्ड हा या बँडमधला सर्वांत कमी वाखाणलेला आणि माझ्या मते सर्वांत न बदलता येणारा कलावंत आहे.

शब्द दुसऱ्या वा तिसऱ्या फेरीत समोर ठेवावेत. या काळातील बहुतेक गीते बटलरने लिहिली. नाव आणि पहिल्या गाण्यामुळे सॅबथवर सैतानपूजेचा शिक्का बसला, तो शब्द वाचल्यावर टिकत नाही. पहिल्या गाण्यातला माणूस समोरच्या काळ्या आकृतीला घाबरून देवाचा धावा करतो, ‘हँड ऑफ डूम’मध्ये व्हिएतनामहून परतलेले आणि अमली पदार्थांत बुडालेले सैनिक आहेत, ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’मध्ये अणुयुद्धाच्या सावलीत वाढणारी मुले आहेत, आणि ‘आफ्टर फॉरेव्हर’ तर उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने बोलते. बटलर कॅथलिक घरात वाढला होता, हे येथे लक्षात ठेवावे.

१९७१ चा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ हा माझ्या दृष्टीने सहांमधला सर्वांत महत्त्वाचा अल्बम. बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून आयोमीने येथे बऱ्याच गाण्यांत तारा तीन अर्धस्वर उतरवल्या, बटलरनेही बास त्याच्याबरोबर उतरवला. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर गिटारची खालची तार पांढरी तीनवरून काळी एकवर आली. तार सैल झाली की ती दाबायला सोपी जाते, पण तिचा नादही अधिक रुंद आणि जड होतो. ‘पॅरानॉइड’मधील कोणतेही गाणे आणि त्यापाठोपाठ ‘इनटू द व्हॉइड’ लावून हा फरक स्वतःच्या कानांनी तपासावा. डूम, स्लज, स्टोनर अशी नावे घेऊन पुढे निघालेले मेटलचे संथ, जड प्रकार या एका निर्णयाचे ऋणी आहेत. अल्बमच्या आरंभी, ‘स्वीट लीफ’मध्ये, आयोमीचा खोकला पुन्हा पुन्हा ऐकू येतो, ध्वनिफीत खराब झाली असे समजू नये.

पुढच्या तीन अल्बमांसाठी घाई करू नये, पण क्रम सोडू नये. लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित केलेल्या १९७२ च्या ‘व्हॉल्यूम फोर’मधून ‘सुपरनॉट’ आणि पियानोवरचे ‘चेंजेस’ आधी ऐकावे. १९७३ च्या ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’च्या वेळी आयोमीला काही केल्या रिफ सुचेनात, तेव्हा चौघे इंग्लंडमधील क्लिअरवेल किल्ल्यात जाऊन राहिले आणि शीर्षकगीताची रिफ तेथे सापडली, येथपासून सिंथेसायझर आणि तंतुवाद्ये वाढतात. १९७५ च्या ‘सॅबोटाज’मधील ‘सिम्टम ऑफ द युनिव्हर्स’ची तळहाताने दाबून वाजवलेली वेगवान रिफ ऐकली की थ्रॅश मेटल हा मेटलचा वेगवान प्रकार कोठून आला याचा अंदाज येतो, आणि तेच गाणे शेवटी साध्या लाकडी गिटारवर येऊन विसावते. १९७६ आणि १९७८ चे अल्बम सुरुवातीला बाजूला ठेवले तरी चालतील.

१९७९ मध्ये ऑझीला काढण्यात आले आणि रॉनी जेम्स डिओ आला. १९८० चा ‘हेवन अँड हेल’ ऐकताना आतापर्यंत लावून घेतलेली सवय थोडी मोडावी लागते, कारण डिओ रिफमागून जात नाही. त्याचा आवाज भरदार आणि तयारीचा आहे, तो रिफच्या वर स्वतःची चाल बांधतो आणि म्हणून आयोमीही त्याला जागा देत वाजवतो. ऑझी की डिओ, हा वाद रसिकांत वर्षानुवर्षे चालला आहे. नवख्याने त्यात न पडता या अल्बमला वेगळ्या बँडचे काम मानून ‘चिल्ड्रन ऑफ द सी’पासून सुरुवात करावी. त्यानंतर गायक आणि वादक इतके बदलले की सलग ऐकण्यात हाती फार लागत नाही.

२०१३ चा ‘१३’ हा ऑझी, आयोमी आणि बटलर यांचा एकत्रित अल्बम मात्र ऐकावा. ‘पॅरानॉइड’ अल्बमनंतर जवळपास ४३ वर्षांनी बँडचा अल्बम इंग्लंडच्या अल्बमच्या यादीत पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. त्यावर वॉर्ड नाही, ड्रम्स ब्रॅड विल्कचे आहेत, आणि ड्रम्ससाठी केलेली ती स्वतंत्र फेरी वाया गेली नाही हे येथे समजते: रिफ त्याच घाटाच्या असूनही ठेक्यातले झुलणे हरवलेले जाणवते. मूळ चौघे अखेरचे एकत्र वाजले ते ५ जुलै २०२५ रोजी, अ‍ॅस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर. ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला त्याचे निधन झाले. त्या दिवसाची चित्रफीत पाहण्याआधी, चौघांच्या वादनात अजून जोर होता तेव्हाचे, डिसेंबर १९९७ मध्ये बर्मिंगहॅममध्येच मुद्रित झालेले ‘रियुनियन’ ऐकावे. त्यात ‘वॉर पिग्ज’च्या रिकाम्या जागा सारे प्रेक्षागृह मिळून भरते, आणि स्टुडिओतील व मंचावरील या दोन प्रती लागोपाठ ऐकण्यासारख्या आहेत.