गच्चीवरचा टोमॅटो: खतापेक्षा पाणी सांभाळा

पुण्यात टोमॅटोचा हंगाम थंडीचा. गणपतीत बी पेरा, दसऱ्याच्या आसपास रोपं कुंडीत लावा. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांपलीकडे गेला की फुलं गळतात. तिथे कुठलंही टॉनिक चालत नाही.

कुंडी किमान २० लिटरची. माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मूठभर निंबोळी पेंड. रोप निम्म्या खोडापर्यंत गाडा, त्या खोडालाही मुळं फुटतात. काठी त्याच दिवशी रोवा. उंच वाढणाऱ्या जातीची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, खुडत राहा. झुडपी जातीला मात्र हात लावू नका, नाहीतर फळंच कमी येतील.

इथवर कोणालाही जमतं. गाडी अडते ती फळ लिंबाएवढं झाल्यावर. बुडाला काळा, चिवट डाग पडतो आणि लगेच कोणीतरी सांगतं, ‘कॅल्शियम कमी आहे, अंड्याची टरफलं टाका.’ कृपया टाकू नका. टरफलं मातीत मुरायला महिने लागतात, आणि बहुतेक मातीत कॅल्शियम असतंच. ते झाडात चढतं पाण्याबरोबर. माती एकदा कोरडी पडली की फळापर्यंत पोचत नाही, कारण जे थोडं पाणी चढतं ते पानं ओढून घेतात. मग आपण घाबरून कुंडी तुडुंब भरतो. आतला गर फुगतो, साल तेवढी ताणली जात नाही आणि फळ तडकतं. डाग आणि तडा, दोन्हीचं मूळ एकच: पाण्याचा लहरीपणा.

म्हणून रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत द्या. ‘रोज एक मग’ हा नियम निरुपयोगी. ढगाळ दिवशी तो जास्त होतो, कडक उन्हात कमी पडतो. मातीवर वाळक्या पाल्याचा चार बोटं थर हवाच. शनिवार-रविवार गावाला जाणार असाल तर शेजारच्या काकूंना किल्ली द्या; उलट्या टांगलेल्या बाटलीच्या भरवशावर जाऊ नका. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. पाणी सुधारलं की पुढचा घोस चांगला येतो. आणि युरिया नको! पानं माजतात, डाग वाढतात.

फळ मोठं हवं तर मुळात मोठ्या फळाची जात घ्या, आणि घोसात तीन-चारच फळं ठेवा. जीव तुटतो, पण खुडा. वारा नसेल तर सकाळी फुलांच्या देठाला टिचकी मारा, परागकण झडतात आणि फळ धरतं.

पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे. तिने पसरवलेल्या रोगाने पानं आखडून झाड खुरटलं तर उपटाच.

फळाला रंग चढू लागला की पाणी किंचित कमी करा, चव दाटते. किंचितच, पानं मान टाकेपर्यंत नाही. पिकलेलं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, वास मरतो. कोशिंबीर करायची त्याच दिवशी तोडा.