सोसायटीच्या ग्रुपवर स्पॅम आला की ॲडमिनने काय करायचं

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी झालो नाही, मला केलं. एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, वीस मिनिटं उशिरा पोचलो तेवढ्यात ठरवून मोकळे झाले सगळे. ग्रुप कशासाठी, तर पाणी कधी येणार, लिफ्ट कधी चालू होणार आणि कोणाची ॲक्टिव्हा गेटसमोर आडवी लावलीये. पण गेल्या वर्षभरात माझा निम्मा वेळ स्पॅम काढण्यात गेला, त्यातून जे शिकलो ते लिहून ठेवतोय, नवीन ॲडमिन लोकांना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी दार लावा. आम्ही काय शहाणपणा केला होता, तर ग्रुपच्या लिंकचा क्यूआर कोड प्रिंट करून लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डवर चिकटवला होता, भाडेकरूंना सोपं जावं म्हणून. आता त्या लिफ्टने कुरियरवाला येतो, पाहुणे येतात, फ्लॅट बघायला आलेली माणसं येतात, कोणीही स्कॅन करावं आणि आत यावं. तसंच झालं, एक अनोळखी नंबर आत आला, डीपीला सूटबूटातली बाई, आणि दोन आठवडे एक अक्षर टाकलं नाही. मला वाटलं असेल कोणीतरी बी विंगची. तिला ग्रुपवर काही टाकायचंच नव्हतं, तिला मेंबर लिस्ट हवी होती, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मग आमच्या तीन-चार रिटायर्ड मंडळींना पर्सनलवर शेअर मार्केटच्या टिप्स सुरू झाल्या आणि तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली. म्हणजे ग्रुपवर दिसतो तो स्पॅम त्यामानाने बरा, कारण तो दिसतो तरी.

तर सेटिंग असं करा. ग्रुप इन्फोमध्ये जाऊन इन्व्हाइट लिंक रीसेट करा, जुनी लिंक तिथेच मरते, बोर्डवरचा कागद काढायचा राहिला तरी चालेल (आमचा अजून आहे). मग ग्रुप परमिशन्समध्ये नवीन मेंबर ॲड करायचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा आणि ‘अप्रूव्ह न्यू मेंबर्स’ ऑन करा. यानंतरचं काम कंटाळवाणं आहे पण तेच खरं काम, एका रविवारी चहा घेऊन बसा आणि मेंबर लिस्ट फ्लॅटच्या रजिस्टरशी जुळवा. आमच्याकडे अकरा नंबर असे निघाले की ते कोणाचे हे कोणालाच सांगता येईना, शिवाय दोन आधीच्या भाडेकरूंचे होते, सोडून गेले तरी आमच्या पाण्याचं टाइमटेबल वाचत होते बिचारे. काढताना नुसतं रिमूव्ह करू नका, स्पॅमवाला असेल तर रिपोर्ट पण करा, त्यात त्याचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. गंडवायचा प्रयत्न वाटला तर ज्याला मेसेज आला त्याने सरकारच्या संचार साथी साइटवर ‘चक्षू’ या तक्रारीच्या भागात टाकावं, स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असला की पटकन होतं.

दुसरा प्रकार जास्त डेंजर, आपल्याच माणसाच्या नंबरवरून येणारा. एका रात्री साडेअकराला आमच्या एका काकांच्या नंबरवरून ग्रुपवर फाइल पडली, नाव ‘आरटीओ चलान’ आणि शेवटी .एपीके. काका रात्री दहाला झोपतात हे अख्ख्या विंगला माहीत. लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने पण हेच येतं. एपीके म्हणजे कागद नाही, फोटो नाही, ते ॲप असतं, इन्स्टॉल केलं आणि एसएमएसची परमिशन दिली की तुमचे ओटीपी तिकडे बसलेल्या माणसाला दिसायला लागतात, आणि मग तुमच्याच नंबरवरून तीच फाइल पुढे जाते, काकांचं तेच झालं होतं. खरं चलान असं एपीके होऊन कधीच येत नाही, बघायचंच असेल तर परिवहनची साइट स्वतः उघडून गाडीचा नंबर टाकायचा.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी मेसेज दाबून धरा आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा, ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पण उडवता येतो, खाली तुमचं नाव दिसतं, दिसू दे. मग तो नंबर तात्पुरता ग्रुपमधून काढा. मग ग्रुपवर एक ओळ टाका की अमुक फाइल कोणी उघडू नका, कारण ज्याने आधीच डाउनलोड केली त्याच्या फोनमधून ती तुमच्या डिलीटने जाईलच असं नाही. आणि मग काकांना फोन, व्हॉट्सॲप कॉल नाही, साधा फोन, नाही उचलला तर सरळ चप्पल घालून दार वाजवा.

काकांच्या घरी गेल्यावर त्यांचा फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद आहे ना बघा, ते बरेचदा चालूच राहतं. बँकेला फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा आणि खातं, कार्ड, यूपीआय ब्लॉक करून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सकाळपर्यंत थांबायचं नाही, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवले तरच हाताला लागतात. मग सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत ते ॲप शोधा, स्क्रीनवर त्याचा आयकॉन नसतोच बरेचदा. काढताच येत नसेल तर फोटो वगैरे कॉपी करून फोन रीसेट मारा, मी तर म्हणेन निघालं तरी मारा. शेवटी व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस बघून अनोळखी असेल ते लॉगआउट आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन टाकून द्या. काकांना आम्ही दोन दिवसांनी परत ॲड केलं, आणि हो, ग्रुपवर त्यांची चेष्टा होऊ देऊ नका, नाहीतर पुढचा माणूस सांगणारच नाही.

ॲडमिन लोकांना अजून एक भीती असते, कोणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस मला धरतील का. गोंदिया जिल्ह्यातल्या एका केसमध्ये 2021 साली मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की मेंबरने टाकलेल्या मजकुरासाठी फक्त ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, दोघांनी आधीपासून मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. तरी दिसल्यावर उडवा, उगाच डोकेदुखी नको.

राहिले आपले घरचे स्पॅमर. पॉलिसीवाले, कुर्तीवाल्या, मार्च लागला की देवगडचा हापूस. यांना काढता येत नाही, उद्या लिफ्टमध्ये भेटतात. मी वेगळा ‘खरेदी-विक्री’ ग्रुप काढला, मेन ग्रुपवर जाहिरात आली की उडवायची आणि पर्सनलवर सांगायचं, ‘अहो तिकडे टाका ना, तिकडे घेणारे आहेत.’ तिसऱ्यांदा झालं तर चार दिवस ग्रुप ‘ओन्ली ॲडमिन्स’ करून टाकायचा, म्हणजे मेसेज फक्त ॲडमिनलाच टाकता येतो, मग बाकीचेच त्यांना ऐकवतात. गुड मॉर्निंगच्या वाटेला मात्र जाऊ नका, सासूबाई पण त्याच ग्रुपमध्ये आहेत आमच्या.

आणि ॲडमिन एकटा ठेवू नका, निदान तीन ठेवा, त्यातला एक रात्री जागणारा हवा, आमच्याकडे सी विंगमधली इंजिनिअरिंगची पोरगी आहे, काकांची ती फाइल तिनेच सगळ्यात आधी पाहिली होती, पण तेव्हा तिला डिलीट करता येत नव्हतं.