फेअरवे ड्रायव्हर एकच घ्यायचा असेल तर कुठला घ्यावा, सोलापूरचा वारा बघून सांगतो

डिस्क गोल्फ म्हणजे चपटी डिस्क फेकत फेकत लांबच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. तो सुरू केला की सगळ्यांचा डोळा 12-13 स्पीडच्या डिस्टन्स ड्रायव्हरवर, म्हणजे सगळ्यात लांब फेकायच्या डिस्कवर जातो, वाटतं हीच लांब जाणार. पण ती डिस्क हातातून तेवढ्याच जोरात सुटली पाहिजे की, नाहीतर सरळ जायचं सोडून लगेच डावीकडं वळून पडते. तुमचा थ्रो अजून 60-70 मीटरच्या आत असेल तर 6-7 स्पीडचा फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे त्याहून कमी स्पीडची, ताब्यात राहणारी डिस्क घ्या, बहुतेक वेळा तोच जास्त लांब जातो आणि जिथं पाहिजे तिथं पडतो.

डिस्कवर चार आकडे असतात, स्पीड, ग्लाइड (हवेत किती तरंगते), टर्न आणि फेड. स्पीड 6-7 ठरला की पहिले दोन फार डोक्यात घेऊ नका, खरं बघायचं ते शेवटचे दोन. उजव्या हातानं बॅकहँड टाकणाऱ्यासाठी टर्न म्हणजे डिस्क वेगात असताना उजवीकडं किती झुकते (आकडा जेवढा उणे तेवढी जास्त), आणि फेड म्हणजे शेवटी वेग कमी झाल्यावर डावीकडं किती येते. सगळीकडं चालणारी डिस्क पाहिजे असेल तर टर्न 0 ते -2 आणि फेड 1 ते 2, याच्या बाहेर जाऊ नका. उदाहरणार्थ इनोव्हा कंपनीची लेपर्ड 6, 5, -2, 1 आहे, टीबर्ड 7, 5, 0, 2 आहे. फायरबर्ड 9, 3, 0, 4, चांगलीच आहे पण ती ठराविक कामाची, पहिली म्हणून नको.

आता आपल्याकडचा वारा. जून-जुलैत सोलापुरात पाऊस कमी आणि पश्चिमेचा वारा लई असतो. समोरून वारा आला की डिस्क जास्त टर्न होते, म्हणजे लेपर्ड पार उजवीकडं उलटून जाते, आणि मागून वारा असला की तीच डिस्क लवकर खाली बसते. म्हणून ज्यांच्या हातात थोडा जोर आलाय त्यांनी टीबर्डच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, वाऱ्यात विश्वास ठेवता येतो, फोरहँडनं पण चालते, आणि थोडी अनहायझर दिली, म्हणजे बाहेरची कड वर ठेवून सोडली, तर बराच वेळ सरळ जाते. नवीन असाल, हात हलका असेल, तर लेपर्ड घ्या आणि हायझर देऊन म्हणजे बाहेरची कड खाली ठेवून टाका, ती उडताना आपोआप सपाट होते.

वजन मोठ्यांना 165 ते 170 ग्रॅम ठीक, शाळेतल्या पोरांना 150 च्या आसपास. हलकी डिस्क सहज उडते पण वाऱ्यात जास्त भरकटते. ऑनलाइन मागवताना वजन विचारून घ्या, बऱ्याच डिस्कच्या मागं ते पेननं लिहिलेलं असतं.

प्लास्टिकचं म्हणाल तर इनोव्हाचं डीएक्स प्लास्टिक स्वस्त आहे, पकड छान आहे, पण आपल्याकडची वाळलेली ढेकळं, मुरूम, बाभळीची खोडं यावर आपटून कड लवकर खरडते आणि मग डिस्क हळूहळू जास्त टर्न व्हायला लागते. चॅम्पियन किंवा स्टार प्लास्टिक महाग पण टिकतं. मात्र एप्रिल-मे मध्ये कुठलीच डिस्क बंद गाडीत ठेवू नका, उन्हानं मऊ पडून वाकडी होते.

रंग पिवळा किंवा तपकिरी नको, उन्हाळ्यातल्या वाळल्या गवतात दिसतच नाही. गुलाबी किंवा निळा घ्या. आणि सिद्धेश्वर तलाव असो की कंबर तलाव, काठाजवळ टाकणार असाल तर पाणी डाव्या हाताला येईल असं उभं राहू नका, फेड तिकडंच नेतो आणि बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. होम मैदानावर सकाळी फिरायला येणारी माणसं असतात, ड्रायव्हरची कड टणक असते, कुणाला लागली तर जोरात लागते, तेव्हा समोर मोकळं असेल तेव्हाच टाका.