सीप्लेन रेटिंग घ्यावे का? पहिली नोकरी शोधणाऱ्या वैमानिकासाठी

व्यावसायिक परवाना हाती आला, लॉगबुकात दोनशे-अडीचशे तास जमले आणि पहिली नोकरी मात्र दृष्टिपथात नाही, अशा काळात सीप्लेन रेटिंग, म्हणजे पाण्यावरून उडणारे आणि पाण्यावर उतरणारे विमान चालवण्याची परवान्यावरील नोंद, फार मोहक वाटते. दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण, परवान्यावर एक जास्तीची ओळ आणि इतर उमेदवारांपेक्षा वेगळे दिसण्याची आशा, असा हा सौदा असतो. या आशेत तथ्य आहे, पण ते अर्धेच. पाण्यावरून उड्डाण करणाऱ्या कंपन्या उमेदवाराच्या फ्लोटवरील (फ्लोट म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगवणारे पोकळ तराफे) तासांकडे पाहतात आणि रेटिंग हा त्या तासांचा केवळ आरंभ असतो. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी रेटिंगनंतरचे तास कोठून मिळणार आहेत, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

हे रेटिंग किती लहान आहे ते आधी लक्षात घ्यावे. अमेरिकेत जमिनीवरील विमानाचा परवाना असलेल्याला एक इंजिनाच्या सीप्लेनसाठी वेगळी लेखी परीक्षा नसते आणि तासांची किमान अटही नसते. प्रशिक्षकाने तयारीची नोंद लॉगबुकात करून दिली आणि प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाली की काम झाले. कॅनडात किमान ५ तासांचे प्रशिक्षण लागते, त्यांपैकी ३ तास प्रशिक्षकासह, आणि शिवाय स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून ५ टेकऑफ व लँडिंग करावी लागतात. युरोपीय नियमांत एक इंजिनाच्या सीप्लेनसाठी किमान ८ तास आहेत. एवढ्या वेळात ओळख होते, हात बसत नाही. सीप्लेनला पाण्यावर ब्रेक नसतात, इंजिन चालू झाले की ते पुढे सरकतेच आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडे त्याचे नाक सतत वळत राहते. आरशासारख्या शांत पाण्यावर उंचीचा अंदाज डोळ्यांना येत नाही, म्हणून नाकाचा कोन आणि शक्ती ठरवून मिनिटाला सुमारे १५० फुटांच्या वेगाने, पाणी लागेपर्यंत धीराने खाली यावे लागते. खडकाळ किनाऱ्यालगत, आडव्या वाऱ्यात, प्रवासी बसलेले असताना विमान धक्क्याला लावणे हे तर दोन दिवसांत येणारे काम नव्हे, आणि नोकरी देणाऱ्याला हे पुरेपूर ठाऊक असते.

त्याच्यापेक्षाही हे अधिक ठाऊक असते विमा कंपनीला. लहान विमान कंपन्यांत कोणाला कोणत्या विमानावर बसवायचे याचा निर्णय प्रत्यक्षात अनेकदा विम्याच्या अटींवर अवलंबून असतो. कॅनडात फ्लोटवरील ५० तास हा आकडा नोकरीच्या संदर्भात वारंवार ऐकू येतो आणि तेथील काही प्रशिक्षण संस्था मुद्दाम ५० तासांचे व्यावसायिक फ्लोट अभ्यासक्रम चालवतात, ते याच कारणाने. दुसरीकडे, अमेरिकेत सीप्लेन एकट्याने चालवण्यासाठी भाड्याने मिळणे फार दुर्मीळ आहे, आणि त्यामागेही विमाच आहे. नवा वैमानिक अडकतो तो येथे: पाच-सहा तासांत रेटिंग मिळते, पण पुढचे पंचेचाळीस तास साठवायला विमानच मिळत नाही. या अडचणीचा विचार न करता घेतलेले रेटिंग ही एक सुंदर सुट्टी ठरते. सुट्टी म्हणून ती उत्तमच, फक्त तिला नोकरीच्या खर्चात धरू नये.

यानंतर आपले उद्दिष्ट तपासावे. मोठ्या विमान कंपनीत जायचे असेल तर सीप्लेन रेटिंगचा थेट उपयोग जवळजवळ नाही. अमेरिकेतील एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट प्रमाणपत्राची सर्वसाधारण अट पाहिली तर कारण कळते: एकूण १,५०० तासांत ५०० तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी केलेले उड्डाण), १०० तास रात्रीचे आणि ७५ तास उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण लागते, शिवाय अनेक इंजिनांच्या विमानावरील अनुभवही लागतो. सीप्लेनचे काम बहुतांशी दिवसा आणि नजरेच्या आधारे चालते. त्यामुळे एकूण आकडा वाढतो, पण जे रकाने सहसा रिकामे राहतात ते रिकामेच राहतात. पैसा मर्यादित असेल तर तो आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांच्या आधारे उडण्याची परवानगी), अनेक इंजिनांचे रेटिंग किंवा प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र यांवर खर्च करावा. मुलाखतीत सीप्लेनमुळे गप्पांना विषय मिळतो हे खरे, परंतु गप्पांसाठी एवढा खर्च करण्याचा सल्ला मी देणार नाही.

पाण्यावरचे कामच करायचे असेल तर हिशेब बदलतो. व्हँकुव्हरची हार्बर एअर, सिअ‍ॅटलजवळची केनमोर एअर, अलास्कातील लहानमोठे ऑपरेटर आणि मालदीवमध्ये ट्विन ऑटर या दोन इंजिनांच्या विमानांचा मोठा ताफा चालवणारी ट्रान्स मालदीवियन एअरवेज ही या व्यवसायाची ठळक ठिकाणे आहेत. बीव्हरसारख्या एक इंजिनाच्या लहान विमानात वैमानिक एकटाच असतो, म्हणून तेथे कमी अनुभवाच्या माणसाला सहसा थेट जागा मिळत नाही. ट्विन ऑटरवर दोन वैमानिक असतात, त्यामुळे फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची, जागा तरी अस्तित्वात असते. मात्र परदेशी उमेदवाराला त्या देशात कामाची परवानगी मिळते का आणि आपला परवाना तेथे चालतो का, हे रेटिंगच्या आधी तपासावे. कॅनडात आणखी एक जुनी वाट आहे. नवा वैमानिक हंगामभर धक्क्यावर काम करतो: विमाने बांधणे, इंधन भरणे, सामान चढवणे, फ्लोटमध्ये झिरपलेले पाणी पंपाने काढणे. माणूस कसा आहे हे मालकाने पाहिले की मग त्याला उड्डाणाची संधी मिळू शकते. ही वाट सर्वांना मानवत नाही, पण ती खरी आहे. अग्निशामक सीप्लेन पाहून भारावलेल्यांनी मात्र एवढे जाणावे की ते अनुभवी वैमानिकांचे काम आहे, सुरुवातीचे नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवावा. ज्या चार-पाच कंपन्यांत काम करण्याची खरोखर इच्छा आहे, त्यांच्या जागांच्या अटी वाचाव्यात आणि शक्य तर मुख्य वैमानिकाला थेट विचारावे: किमान किती फ्लोट तास लागतात, कोणत्या विमानावर, आणि तेवढे तास नसलेल्या माणसाला तुम्ही कधी घेतले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन उत्तरांपेक्षा अधिक सांगून जाते. उत्तर अनुकूल असेल तर छोट्या अभ्यासक्रमाऐवजी लांब अभ्यासक्रमाचा विचार करावा आणि तो निवडताना नदी, तलाव आणि भरती-ओहोटीचे पाणी यांपैकी कोठे सराव होणार, एकट्याने उडवू देतात का आणि धक्क्याला लावण्याचा सराव किती, हे विचारावे. वर-खाली होणाऱ्या चाकांचे फ्लोट असतील तर लँडिंगपूर्वी चाकांची स्थिती मोठ्याने उच्चारून तपासण्याची सवय तेथेच लावून घ्यावी, कारण चाके खाली ठेवून पाण्यावर उतरलेले विमान उलटू शकते.

प्रशिक्षक असलेल्यांसाठी अमेरिकेत एक दार अधिक उघडे आहे. तेथील प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्रात जमीन आणि पाणी असा भेद नसतो. एक इंजिनाच्या विमानाचा प्रशिक्षक स्वतःच्या परवान्यावर सीप्लेन रेटिंग असल्यास ते शिकवू शकतो. अर्थात संस्थेच्या विम्याची अट येथेही आडवी येते. तरीही तासांसाठी पैसे खर्च करण्याऐवजी ते कमावण्याचा हा मोजक्या मार्गांपैकी एक आहे.

अर्जात केवळ ‘सीप्लेन रेटिंग आहे’ असे लिहू नये. फ्लोटवरील एकूण तास, त्यांतले प्रमुख म्हणून केलेले तास, विमानाचा प्रकार आणि पाण्याचा प्रकार वेगळा द्यावा, आणि लॉगबुकात पहिल्या दिवसापासून हा रकाना स्वतंत्र ठेवावा. उत्तरेकडील तलाव हिवाळ्यात गोठतात, त्यामुळे तेथील नोकरभरती बर्फ वितळण्याच्या आधीच सुरू होते. उन्हाळ्यात प्रशिक्षण घेऊन लगेच त्याच उन्हाळ्यात काम शोधणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो. शरद ऋतूपर्यंत तास पूर्ण करावेत किंवा हिवाळ्यात फ्लोरिडासारख्या उष्ण ठिकाणी प्रशिक्षण घ्यावे आणि वसंताच्या तोंडावर अर्ज पाठवावेत.