मुंबईच्या उकाड्यात आल्याची बिअर

इंग्लंडात असताना घरी बिअर करायचो. इथे 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना ते चालत नाही, म्हणून इतक्या वर्षांनी हात घातला तो आल्याच्या बिअरला. आलं, साखर, लिंबू, चिमूटभर यीस्ट. तिकडे 20 अंशांना सावकाश फसफसणारं मिश्रण दादरच्या 33 अंशांत नुसतं उसळतं, वर यीस्टचा उग्र वास! ओला पंचा गुंडाळून उपयोग नाही. दमट हवेत पाणी सुकतच नाही, तर गारवा येणार कुठून? शेवटी बरणी पाण्याच्या टबात ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ त्यात बर्फ केलेल्या बाटल्या सोडल्या. जमलं.

भरताना काचेच्या बाटल्यांसोबत एक प्लास्टिकची भरतोच. ती दाबून दगडासारखी लागली, की सगळ्या लगेच फ्रिजमध्ये. उशीर झाला तर वायूच्या दाबानं काच फुटते.